आठ कणसं कुणाची

"बद्रीकाका, राखण केली एकानं आन् मेंबर झाला दुसरा, ही कुठली रीत हाय?"

प्रश्न झुंबरचाच होता. पण तो भर मैदानात, सगळ्या मिशीवाल्यांपुढं जाऊन विचारायचा, ही अक्कल सगुणा आणि आसरा या दोघींची. शाळा सुटली की तिघी निशाणबाज मंडळाच्या मैदानाच्या कडेनं घरी जायच्या. त्या दिवशी सगुणा म्हणाली, झुंबरचा तोरा सगळा आपल्यापुढं. मोठं माणूस दिसलं की हिची चिमणी होते. आसरानं लगेच ओटीभर बोरांची पैज लावली. आता बोरांचं एक वेळ सोडा, पण चिमणी म्हटलेलं झुंबर कशी ऐकून घेणार? मागच्याच महिन्यात तपासणीला आलेल्या साहेबांपुढं तिनं अख्खा धडा कुठंही न अडखळता वाचून दाखवला होता. तेव्हापासून तिची मान अशी काही ताठ झाली होती की डोक्यावरची घागर न धरता चालत होती. तिनं दप्तर आसराच्या हातात कोंबलं आणि सरळ मैदानात शिरली.

बद्रीनाथराव मंडळाचे मोतमद होते, म्हणजे सगळा कारभार तेच पाहायचे. जालन्याच्या छावणीत पंचवीस वर्षं कारकुनी करून ते भोकरदनला परत आले आणि त्यांनीच हे मंडळ काढलं. चौदा मेंबर, सगळे जमीनजुमलेवाले. मैदानावर मंडळाची एकच ठासणीची बंदूक. संक्रांतीला मातीच्या बांधासमोर मडकी टांगायची आणि त्याच एका बंदुकीनं सगळ्यांनी बार टाकायचे. सगळ्यात उंच मडक्यात गुलाल भरलेला असायचा. ते फोडणाऱ्याला गावभर मान.

पण बंदूक हातात धरायच्या आधी एक अट होती, आणि ती बद्रीनाथरावांनी पहिल्या दिवसापासून घातलेली. ज्या माणसाकडं बंदूक आहे त्याचा गावाला उपयोग व्हायला पाहिजे, नुसती भीती वाटून काय कामाची, असं त्यांचं म्हणणं. म्हणून प्रत्येक मेंबरनं वर्षाला आठ दिवस राखण करायची. ती स्वतःच्या रानात नाही, तर ज्या घरात राखणीला माणूस नाही त्या घराच्या ज्वारीत. दिवस मावळताना त्या रानाच्या मालकानं आपल्या हातानं एक कणीस कापून द्यायचं, आणि ते मंडळाच्या छपरात आपल्या नावाच्या खुंटीला आणून बांधायचं. संक्रांतीपर्यंत खुंटीला आठ कणसं लागली तर बंदूक हातात, न्हाई तर गर्दीत उभं राहून बघायचं.

अट चांगलीच होती. पण दिवसाची राखण म्हणजे पाखरांची राखण. हिवाळ्यात भोरड्यांचे थवेच्या थवे ज्वारीवर उतरतात, आणि दिवसभर माळ्यावर, रानातल्या उंच मचाणावर, उभं राहून त्यांच्यावर ओरडत बसायचं. डुकराची शिकार असती तर मेंबर धावत गेले असते. पाखरांना हाऽऽ हाऽऽ करायला मात्र त्यांना लाज वाटायची. मग कुणी गडी पाठवायचा, कुणी पुतण्या, कुणी बायको. झुंबरच्या आबांनी, म्हणजे तिच्या वडलांनी, रामकिसन पाटलांनी, झुंबरला पाठवलं. तुझा नेम चांगला हाय, जा, एवढंच म्हणाले. झुंबरनं ईदेची सुट्टी आणि तिच्या मागचेपुढचे जुम्मे, म्हणजे शाळेच्या सुट्टीचे शुक्रवार, मिळून आठ दिवस सोनूबाईच्या रानात गोफण घेऊन काढले. सोनूबाई एकटीच राहायची, तिचं रान केळना नदीच्या कडेला होतं आणि भोरड्यांचं त्या रानावर भारी प्रेम. आठ कणसं झाली, आठही आबांच्या खुंटीला लागली. आणि संक्रांतीला झुंबर उभी राहणार होती ती बायकापोरींबरोबर, दोरीच्या मागं.

म्हणून तो प्रश्न.

बद्रीनाथराव त्या वेळी बांधावर घमेल्यानं माती टाकून राह्यले होते. बाकीचे मेंबर लिंबाच्या सावलीत बसले होते, त्यात आबाही. प्रश्न ऐकून सगळ्यांच्या माना वळल्या. पहिल्यांदा हसला तो त्रिंबक, मागच्या वर्षी गुलालाचं मडकं फोडणारा.

"रामकिसन, तुझी पोरगी वकील झाली की रं. आपलीच केस उलटी चालवती."

आबांचे कान लाल झाले. बद्रीनाथराव मात्र हसले नाहीत. त्यांनी घमेलं खाली ठेवलं, धोतराला हात पुसले आणि विचारलं, "राखण कुणी केली?"

"सोनूबाईच्या रानात मी केली. आठी दिवस."

त्यांनी मान हलवली आणि छपरात गेले. मागोमाग सगळे. मग जे झालं ते झुंबरच्या ध्यानीमनी नव्हतं. बद्रीनाथराव एकेका खुंटीपुढं उभे राहिले आणि ज्याची खुंटी त्याला विचारत गेले, हे कणीस तुम्ही आणलं का. शेतमालकानं हातानं कापून दिलेल्या कणसावर हात ठेवून खोटं बोलायची कुणाची छाती झाली नाही. एकेक कणीस खाली येऊ लागलं. चौदांतल्या अकरा खुंट्या उघड्या पडल्या. झुंबरनं आणलेली आठ कणसं त्यांनी सुतळीनं एकत्र बांधली, पण टांगायला खुंटी नव्हती, कारण खुंट्यांवर मेंबरांची नावं. ती जुडी त्यांनी कोनाड्यात ठेवली.

"संक्रांतीला आजून धा दिवस हायेत," ते म्हणाले. "ज्याला बार टाकायचा त्यानं उद्यापासून माळ्यावर बसावं."

मैदानाच्या कडेला सगुणा आणि आसरा उभ्या होत्या, त्या आता दिसेनात. दप्तर तेवढं एका दगडावर ठेवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बोरं मिळाली, पैज म्हणजे पैज. पण पहिलंच बोर तोंडात टाकलं आणि झुंबरला ते गोड लागेना. आदल्या रात्रीचं मनातून जाईना. आबा जेवून लवकर उठले. माय म्हणजे पुष्पाबाई, ती चूल सारवताना आपल्याशीच बोलल्यासारखी बोलत होती. वर्षभर त्रिंबक भेटंल तिथं टोमणे मारतोय, यंदा गुलाल माझाच म्हणून ह्यांनी दसऱ्यापासून ध्यास घेतला, आन् घरच्याच पोरीनं खुंटी उघडी केली. "आता खा बोरं," एवढं मात्र तिनं झुंबरकडं बघून म्हटलं.

झुंबरला स्वतःची खुंटी हवी होती. आबांची खाली करायची नव्हती. हे दोन्ही एकाच प्रश्नात गुंतलेलं होतं हे तिला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

आबा त्या दिवशी सकाळीच सोनूबाईच्या रानात गेले होते. जाताना घरची बंदूक खांद्याला. झुंबर शाळेतून परस्पर रानात गेली, तर बांधावर सोनूबाई खाली वाकून काहीतरी वेचत होती आणि आबा माळ्यावर पाठमोरे बसले होते. काय झालं ते सोनूबाईनंच सांगितलं. भोरड्यांचा थवा उतरला तसा पाटलांनी बार काढला. थवा उठला, शेजारच्या, त्रिंबक राखत होता त्या रानात जाऊन बसला, धूर विरायच्या आत परत आला, आणि येताना तिकडचीही पाखरं घेऊन आला. पाटलांनी दुसरा बार काढला, मग तिसरा. पाखरू एक मेलं नाही, पण छर्ऱ्यांनी एका वळीची कणसं पार फुटून खाली पडली.

सोनूबाई साठीची, धनगराची, जन्म मेंढरामागं गेलेला. पाटलापुढं ती कधी मान वर करून बोलली नव्हती. पण तिनं फुटलेल्या कणसांची ओंजळ पुढं केली आणि म्हणाली, "पाटील, पाखरानं खाल्लं असतं तर निदान त्याच्या पोटात तरी गेलं असतं."

दिवस मावळला तेव्हा तिनं कणीस दिलं नाही. राखण झालीच कुठं, असं तिचं म्हणणं, आणि आबांनी ते मुकाट ऐकून घेतलं. घरी येताना दोघं बापलेक पुढंमागं चालले. अर्ध्या वाटेत आबा न थांबता, मागं न बघता बोलले.

"तू ती गोफण कशी धरती?"

झुंबरला असं वाटलं की आपल्या पायाखालची वाट कुणीतरी वर उचलली. ती पळत पुढं गेली आणि आबांच्या बरोबरीनं चालू लागली. गोफणीची एक दोरी बोटात कशी अडकवायची, दुसरी कधी सोडायची, हे तिनं घर येईपर्यंत तोंडानं सांगितलं आणि अंगणात आल्यावर हातानं दाखवलं. मायनं दारातून हे बघितलं आणि आत गेली, आणि तिच्या भाकरी थापण्याचा आवाज जरा मऊ झाला.

दुसऱ्या दिवशी बंदूक घरी राहिली. शाळा सुटल्यावर झुंबर रानात पोचली तेव्हा आबांचा पहिला गोफणगुंडा मागच्या मागं सुटून सोनूबाईच्या पाण्याच्या मडक्यात जाऊन बसला होता. "मडकं फोडायचा सराव चांगला चाललाय," सोनूबाई म्हणाली, आणि आबा हसले. आबांना असं मोठ्यानं हसताना झुंबरनं कधी बघितलं होतं ते तिला आठवेना.

मग तिनं त्यांना तिची खरी युक्ती सांगितली. थव्याकडं बघायचंच नाही. थवा उतरायच्या आधी दोन-तीन भोरड्या पुढं येतात, रानावर एक फेरी मारतात आणि कुठं बसायचं ते ठरवतात. त्यांना बसू द्यायचं नाही. गुंडा पाखरावर मारायचा नाही, पाखरू जिथं बसायचंय तिथं त्याच्या आधी पोचवायचा. गोफण फटकन वाजली पाहिजे, बिलकुल आळशी वाजता कामा नये. त्या दोघी-तिघी वळल्या की सगळा थवा वळतो, आणि शेजारच्या रानातही न बसता नदीकडं जातो.

"आन् हे तुला कुणी शिकवलं?" आबांनी विचारलं.

"कुणी न्हाई. आठ दिवस बघत होते."

आबांनी हातातला गुंडा उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाले, बंदुकीला लागतो तो नेम आणि हा नेम एकच. आपण वीस वर्षं मडक्यावर नेम धरला, मडकं काही हालत नाही, म्हणून कळलं नाही.

त्यानंतरचे दिवस झुंबरला असे गेले की शाळेत फळ्यावर काय लिहिलं जातंय ते दिसायचं पण डोक्यात जायचं नाही. संध्याकाळी रानात पोचायचं, माळ्यावर चढायचं, आबा एका बाजूला आणि ती दुसऱ्या बाजूला. जुम्म्याला तर अख्खा दिवस. सोनूबाई खाली आगटी पेटवून कणसं भाजायची, हातावर चोळून हुरडा द्यायची, बरोबर लसणाची चटणी. आबा माळ्यावर पाय सोडून खायचे. त्यांच्या मिशीत हुरड्याचा कोंडा अडकायचा आणि त्यांना पत्ताच नसायचा. एकदा ते म्हणाले, एवढ्या वर्षांत आपण गावाचं रान असं वरून कधी पाहिलंच नव्हतं. कुठं कुणाची ज्वारी पिवळी पडली, कुठं बांध फुटला, सगळं दिसतंय. शेजारच्या रानात त्रिंबक डबा बडवत बसलेला असायचा, कारण त्याचीही खुंटी उघडी पडली होती. पहिले दोन दिवस तो झुंबरला बघून तोंड फिरवायचा. तिसऱ्या दिवशी बांधावर येऊन त्यानं विचारलं, तुमच्याकडची पाखरं माझ्याकडं का येईनात. झुंबरनं त्यालाही सांगितलं. वकिलाची फी मात्र घेतली, एक पेरू.

रोज सोनूबाईनं एक कणीस कापून आबांच्या हातावर ठेवलं. आबा ते पिशवीत घालायचे नाहीत. हातात उभं धरून पेठेतून चालत जायचे आणि खुंटीला बांधून यायचे. लोक विचारायचे, पाटील, हे काय. आबा सांगायचे, राखणीचं हाय. आधीच्या सालांत गड्यानं किंवा यंदा झुंबरनं आणलेली कणसं त्यांनी कधी हातात धरलेलीसुद्धा झुंबरला आठवत नव्हती.

सगळं बराबर चाललं होतं, आणि सहा कणसं झाल्यावर तहसीलीतून बोलावणं आलं. गावच्या वसुलीच्या कागदांवर पाटलाची हजेरी पाहिजे, आणि सरकारी बोलावण्याला न्हाई म्हणता येत नाही. आबा पागोटं बांधून कचेरीत गेले. पहिला दिवस ओट्यावर बसण्यात गेला, दुसऱ्या दिवशी सह्या झाल्या. ते मोकळे झाले तेव्हा भोगीची दुपार टळली होती. उद्या संक्रांत. खुंटीला सहा कणसं.

आबा घरी येऊन अंगणात बसले. मायनं तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी वाढली, पण ताट तसंच राहिलं. तेवढ्यात दारात बद्रीनाथराव उभे. मायनं त्यांनाही ताट केलं. त्यांनी शांतपणे एक भाकरी संपवली, पाणी प्यायलं आणि मग आलेलं काम सांगितलं.

कामं दोन होती. एक, सरकारी बोलावण्यामुळं कुणाचे दिवस हुकले तर घरच्या माणसानं केलेल्या राखणीतले दोनपर्यंत दिवस त्याला लावता येतात, असं मंडळाच्या नियमांत पहिल्यापासून आहे. झुंबरची आठ कणसं कोनाड्यात तशीच आहेत. त्यातली दोन रामकिसनच्या खुंटीला लावली तर उद्या तो बंदूक धरू शकतो. दुसरं काम असं, की काल मंडळाची बैठक झाली. मेंबर पुरुषच पाहिजे असं नियमांत कुठंही लिहिलेलं नाही, कारण ते लिहायला पाहिजे असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. म्हणून चौदांतल्या नऊ जणांनी ठरवलं, की ज्यानं स्वतः आठ कणसं आणली त्याला खुंटी द्यायची, मग ते कुणी का असंना. त्या नऊ जणांत त्रिंबकनं पहिला हात वर केला.

"नवी खुंटी वर्षातून एकदाच लागते, संक्रांतीच्या सकाळी," बद्रीनाथराव म्हणाले. "आठाला लागते, सहाला न्हाई. झुंबर, कणसं तुझी हायेत. काय करायचं ते तू ठरव. मी उजाडताच छपर उघडतो."

ते गेले. माय लगेच झुंबरजवळ आली आणि तिनं आवाज खाली केला, जसं काही अंगणातल्या अंगणात आबांना ऐकू जाणार नव्हतं. दोन कणसं तर द्यायचीत. बाप वर्षभर झुरला, या नऊ दिवसांत उन्हात बसून करपला, आन् ते सुद्धा तुझ्या एका बोलण्यापायी. तुझं काय, तू पुढच्या साली हो मेंबर. तसंही पोरीच्या जातीला बंदूक कशाला, उद्या कुणी बघायला आलं तर काय सांगायचं.

"तिला सांगू नको," आबा मध्येच म्हणाले. "दिवस तिचे हायेत. म्या मागणार न्हाई, आन् तू बी मागू नको."

पण त्यांनी हे झुंबरकडं बघून म्हटलं नाही, ताटाकडं बघून म्हटलं. आणि झुंबरला ते बरोबर कळलं. त्यांना गुलालाचं मडकं फोडायचं होतं. एवढ्या वर्षांची हौस काही हुरड्याबरोबर पचून जात नाही.

ती उठून गोठ्याकडं गेली. बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. द्यावीत का दोन? दिली तर आबा उद्या बार टाकतील, माय हसेल, घरात तिळगूळ गोड लागेल. तिलाही बरं वाटेल, एकदम शहाणी पोर झाल्यासारखं. दिली नाहीत तर उद्या मैदानात सगळे बघतील, बाप दोरीच्या मागं आणि पोरगी पुढं. हे डोळ्यांपुढं आलं आणि तिनं बैलाच्या पाठीवरचा हात काढून घेतला. ती जवळजवळ द्यायलाच निघाली होती.

पण मग तिला आबा पेठेतून चालताना दिसले, कणीस उभं धरून, कुणाचं हे विचारलं तर मान वर करून सांगणारे. ती सहा कणसं त्यांची होती. त्यांच्या शेजारी हिची दोन बांधली की झालं, पुन्हा तीच जुनी खुंटी, कुणी राखलं आणि कोण मेंबर ते कळू नये अशी. बद्रीकाकांना तिनं भर मैदानात काय विचारलं होतं? आणि आता घरात आल्यावर उत्तर दुसरं द्यायचं? शिवाय, खरं सांगायचं तर तिला स्वतःला ती खुंटी हवी होती. ती बंदूक हवी होती. सोनूबाईच्या माळ्यावर आठ दिवस ऊन तिनं खाल्लं होतं, आणि हवं असण्यात तिला काही चूक दिसेना. बैलानं मान हलवली, गळ्यातली घागरमाळ वाजली, आणि झुंबर अंगणात परत आली.

आबा तसेच बसलेले. माय त्यांच्या ताटावर दुसरं ताट झाकत होती. झुंबर दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली, तपासणीच्या साहेबापुढं उभी राहिली होती तशीच सरळ.

"आबा, मी माझे दोन दिवस देणार न्हाई," ती म्हणाली. "तुमचे सहा तुमचेच राहू द्या, ते लई चांगले हायेत. उद्या माझी खुंटी लागंल आन् मी बार टाकणार. पुढच्या साली आपण दोघं शेजारशेजारच्या रानात बसू, तुमचे आठ तुम्ही भरा, माझे आठ मी भरते. मंग गुलाल कुणाचा ते बघू. आन् माय, मला बघायला कुणी आलं तर त्यांना सांग, पोरगी निशाणबाज मंडळाची मेंबर हाय."